बदल नाही

४ मार्च

ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होतो, पण हल्ली फोनवर बोलताना तिसरा कोणीतरी कान लावून बसलाय असं वाटतं. आणि लिहायचंय ते तुझ्या त्या डब्यांबद्दलच. म्हणून टपाल.

तुझा बाप आणि मी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाही हे तुला माहीत आहे. पण संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की रस्ता त्याच्या इमारतीवरून जातो. मुद्दाम नाही, जातो. समोर बसस्टॉपचा बाक आहे, तिथे दहा मिनिटं टेकतो, कारण गुडघे. तिथून दादाची चौथ्या मजल्यावरची खिडकी दिसते. सातच्या सुमाराला दिवा लागतो. दादाचं सगळंच वेळेवर, लहानपणी त्याला ताप यायचा तोसुद्धा शाळा सुटल्यावर.

गेले पाच दिवस दिवा लागलेला नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, गेला असेल कुठेतरी. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बल्ब गेला असेल. पण बल्ब गेला तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी दादा शटरसमोर उभा असतो, हे तुला सांगायला नको. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याच्याकडे आठवड्यातून तीनदा कामाला येणाऱ्या बाई जिन्यात भेटल्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, साहेब बरे आहेत, पण हल्ली गप्प गप्प असतात. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, मुलीने घरभर पांढरे डबे लावलेत, दाराला, पलंगाखाली, नळाला पण, मला तर केर काढताना खोकायचीसुद्धा चोरी झालीये.

तर आता तूच सांग. बापाच्या पलंगाखाली डबा ठेवून तू काय ऐकतेस? आणि एवढं ऐकू येतं तर खिडकीतला अंधार कसा दिसत नाही?

उत्तर टपालानेच धाड.

तुझा काका


९ मार्च

काका, नमस्कार.

ते डबे ऐकत नाहीत, त्यांना कान नाहीत. पलंगाखालच्याला फक्त पलंगावर कोणी आहे की नाही एवढंच कळतं. दारावरच्याला दार उघडलं की मिटलं. नळावरच्याला पाणी किती गेलं. बाहेरच्या खोलीतल्याला उजेड आणि हालचाल. असे सहा लहान डबे, बॅटरीवर चालणारे. ते सहाजण जे सांगतील ते गोळा करून आमच्या केंद्राकडे, म्हणजे ऑफिसातल्या संगणकाकडे, पाठवणारा एक मोठा डबा, तो विजेवर. बाबा एकटे राहतात आणि मला तिथे पोचायला दीड दिवस लागतो, म्हणून लावले. त्यांना विचारून लावले.

खिडकीत अंधार वगैरे काही नाही. स्क्रीन माझ्यासमोर आहे. कालसुद्धा सात वाजून पाच मिनिटांनी बाहेरच्या खोलीत दिवा लागला आणि दहाला मालवला. शेवटच्या रकान्यात शेरा आहे, 'बदल नाही'. आमच्याकडे यापेक्षा चांगला शेरा नसतो. पूर्वी मी बाबांना रोज फोन करायचे. जेवलात का, जेवलो, झोप लागली का, लागली, की संपलं. दोघांनाही कंटाळा यायचा. आता रविवारी करते, बाकीचे दिवस दिसतंच.

हे काम माझं स्वतःचं आहे, दुकानातून आणून चिकटवलेलं नाही. पूर्वी असले डबे मिनिटामिनिटाला बडबडायचे आणि वर्षभरात बॅटरी संपायची. मी त्यांना गप्प बसायला शिकवलं. महिनाभर घर बघून झालं की केंद्र अंदाज बांधतं, उद्या कितीला काय होणार. तोच अंदाज डब्यांकडेही असतो. अंदाजाप्रमाणे घडलं तर डबा काहीच पाठवत नाही, केंद्र आपलं आपण लिहून घेतं. वेगळं घडलं तरच डबा तोंड उघडतो. त्यामुळे बॅटरी चार वर्षं टिकते. आज चारशे बारा घरांत हे चालू आहे, पुढच्या महिन्यात चार हजार घरांत जाणार आहे, सगळी एकट्या म्हाताऱ्या माणसांची. त्या कागदावर सही माझी असणार आहे.

आणि राग येईल, तरी लिहिते. पाणीखात्यात घरबसल्या रीडिंग लिहिलं म्हणून अकरा महिने निलंबित झालेल्या माणसाने मला आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस म्हणावं, हे जरा अतीच होतंय. बाबांवरचा राग माझ्यामार्फत काढू नका.

ठमी


१४ मार्च

ठमे,

राग आला. तुझं पत्र दोन दिवस उशीखाली दाबून ठेवलं, तिसऱ्या दिवशी काढून परत वाचलं, परत आला.

खरं आहे ते. एकतीस वर्षं मीटर वाचले, शेवटी शेवटी गुडघा जिने चढू देईना. दोन महिने घरी बसून बेचाळीस घरांचे आकडे लिहिले. रजा मागायची लाज वाटली. साहेब सख्खा भाऊ असला की रजा मागणं आणखी अवघड. पकडला गेलो, शिक्षा भोगली.

पण म्हणूनच सांगतो. खोटं रीडिंग कसं लिहितात ते तुमच्या अख्ख्या केंद्रात माझ्याइतकं कोणाला कळत नसणार. मागच्या सहा महिन्यांचे आकडे समोर घ्यायचे, सरासरी काढायची, आणि ओळीने तोच आकडा दिसू नये म्हणून कुठे एक वाढवायचा, कुठे दोन कमी करायचे. तू ज्याला अंदाज म्हणतेस ना, त्याच्यासाठी मला निलंबनाचं पत्र आलं होतं, शिक्क्यासकट.

आता एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. सगळं नेहमीसारखं असलं तर डबा गप्प. बरं. आणि डबाच मेला तर? तोही गप्पच. मग कुठला गप्प कुठल्या कारणाने, हे तुझं केंद्र कसं ओळखतं?

खिडकी अजून काळीच आहे. मी रोज बघतो. वीस दिवसांचे आकडे कागदावर काढून पाठव. तुझ्या स्क्रीनवर नको, कागदावर.

काका


१८ मार्च

काका,

आकडे सोबत जोडले आहेत, एकदाच. मनासारखे वाचा आणि हा विषय बंद करा.

डबा बंद पडला तर कळायची सोय केलेली आहे. ती कशी, हे पत्रात समजावण्यासारखं नाही.

रविवारी मी बाबांना स्पष्ट विचारलं, संध्याकाळी दिवा लावता ना? म्हणाले, तुझ्या स्क्रीनवर काय दिसतं? मी म्हटलं, सातला लागतो. म्हणाले, मग लागत असेल. मग म्हणाले, तुला सगळं दिसतं ना? मी म्हटलं, हो बाबा, सगळं. म्हणाले, मग झालं तर. आणि फोन ठेवला. आवाज खणखणीत होता, थोडी चेष्टाच करत होते माझी. आजारी माणूस असा बोलत नाही.

खरं सांगू का, मला आता डब्यांपेक्षा तुमचीच काळजी वाटायला लागली आहे. नऊ वर्षं ज्याच्याशी बोलला नाहीत त्याच्या घरासमोर रोज संध्याकाळी बसून वर बघत राहायचं, कामाच्या बाईंना जिन्यात गाठून चौकशा करायच्या, हे कशासाठी चाललंय? बाईंकडे घराची किल्ली असते, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असेल.

ठमी


२३ मार्च

ठमे,

काल फोनवर सांगितलं ते एवढंच होतं, की दादा बाथरूममध्ये पडला, उजवं मनगट मोडलं, कंबर शाबूत आहे, जिवाला धोका नाही. डॉक्टर बाजूला उभे होते, बाकीचं तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

तुझा कागद काल सकाळी अकराला हातात पडला. चष्मा लावून बसलो. नळाचं पाणी एकसष्ट लिटर, त्रेसष्ट, बासष्ट, एकसष्ट, त्रेसष्ट. उठला सहा दहाला, मग सहा अकराला, मग सहा दहा, सहा नऊ. बाई आठवड्यातून तीन दिवस भांडी घासतात, फरशी पुसतात. त्या येतात त्या दिवशी आणि येत नाहीत त्या दिवशी पाणी तेवढंच? खरं घर इतकं शहाण्यासारखं कधी वागत नाही गं. कुणी नळ उघडा ठेवतो, कुणाला झोप लागत नाही, कुणाचं पोट बिघडतं. ठमे, ते सगळं मीच लिहिल्यासारखं होतं.

तसाच उठलो. त्या इमारतीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. चार मजले चढलो, दर मजल्यावर थांबून. दार वाजवलं, उत्तर नाही. पुन्हा वाजवलं तर आतून काहीतरी बारीक आवाज आला. बाईंना फोन करून बोलावलं, त्यांच्या किल्लीने उघडलं. हो, त्याच किल्लीने, जिच्यावरून तू मला टोमणा मारलास.

दादा फरशीवर होता, भिंतीला पाठ लावून. सकाळी सातपासून तिथेच. पाय घसरला, हातावर पडला, उठता येईना, फोन बाहेरच्या खोलीत. ओठ पांढरे पडले होते. माझी चाहूल लागल्यावर म्हणाला, कोण आहे? म्हटलं, मी. म्हणाला, तू कशाला आलास? म्हटलं, रीडिंग घ्यायला. नऊ वर्षांनी आम्ही पहिल्यांदा बोललो ते हे.

काल सकाळी सात ते बारा तुझ्या स्क्रीनवर काय होतं, ते बघून मला कळव. आणि तुझ्या त्या मोठ्या डब्याबद्दल एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, पण ती मी लिहिणार नाही. ती सांगायची की नाही, हे ज्याची ती गोष्ट आहे त्याने ठरवावं.

काका


२७ मार्च

काका,

तुमचा फोन आला तेव्हा स्क्रीन उघडीच होती. बाबा फरशीवर पडून होते त्या पाच तासांत माझ्या स्क्रीनवर त्यांनी अंघोळ केली, स्वयंपाकघरात गेले, बाहेरच्या खोलीत बसले, अकराला पलंगावर आडवे झाले. बदल नाही.

सोय केलेली आहे असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते खोटं होतं. सोय होती. प्रत्येक डबा दिवसातून एकदा 'मी आहे' एवढंच कळवायचा, काही घडो न घडो. चार महिन्यांपूर्वी मी ते काढून टाकलं. त्याच्यापायी बॅटरी साडेतीन वर्षांवर अडकत होती आणि मला चार लिहायचं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचा प्रश्न वाचला त्याच दिवशी मला माझी चूक कळली होती, तरी मी तसं उत्तर लिहिलं. मला माझीच लाज वाटते.

आमच्याकडे खरी आलेली नोंद वेगळी आणि केंद्राने लिहिलेली वेगळी ठेवलेली असते, फक्त कोणी उघडून बघत नाही. मी बघितली. बाबांच्या घरातून शेवटचं काही आलं ते २७ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. त्यानंतरचे तेवीस दिवस केंद्राने स्वतःच लिहिलेत.

पण आता माझंही ऐका. वीज गेली की मोठा डबा आधी 'वीज गेली' असं कळवतो, आत त्यासाठी बॅटरी आहे; वीज रोजच जाते म्हणून ते स्क्रीनवर येत नाही, खऱ्या नोंदीत राहतं. इथे तेही आलेलं नाही. म्हणजे त्याच्या मागचं बटण पाच सेकंद दाबून धरून तो नीट बंद केला गेला. धक्का लागून असं होत नाही, मुद्दामच करावं लागतं. बाबा असं का करतील? त्यांना मीच तो डबा दिला होता. आणि अंधार तुम्हालाच दिसला, आकडे खोटे हे तुम्हालाच कळलं, किल्ली असलेल्या बाई तुमच्याच ओळखीच्या. मला चुकीचं ठरवायला, बाबांना दाखवायला, की बघ तुझी मुलगीसुद्धा माझ्यासारखीच, तुम्ही हे केलंत का? बाबांचा जीव गेला असता, काका. हो किंवा नाही, एवढंच लिहा.

ठमी


१ एप्रिल

ठमे,

अक्षर काकाचं आहे, मजकूर माझा. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. (शिव्या गाळतो आहे. काका.)

डबा मी बंद केला. काकाने नाही. त्याने आल्याबरोबर डबा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं, कारण हा प्रकार मी त्याच्यावर एकदा केलेला आहे.

खात्यात असताना त्याच्या वहीबद्दल मला शंका आली. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. मग त्याच्या भागातली तीन रिकामी घरं निवडली, त्यांचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सील लावलं आणि महिना संपायची वाट बघितली. पाणी बंद असलेल्या तीन घरांत त्याच्या वहीप्रमाणे अठरा, एकवीस आणि एकोणीस युनिट पाणी गेलं होतं. वही पुढे ठेवली. पुराव्याने पकडायचं, बोलत बसायचं नाही, ही माझी सवय. चांगली की वाईट ते आता कळेनासं झालं आहे.

तू रोज फोन करायचीस. मग म्हणालीस, बाबा, आता गरज नाही, मला दिसतं. मला बघायचं होतं, तिकडून कोणी बघतंय का. २७ तारखेला डबा बंद केला. बाहेरच्या खोलीतला दिवाही लावायचा सोडला, म्हणजे तू काही विचारलंस तर काय खरं काय खोटं ते माझं मला समजेल. त्या संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. वाटलं, आता वाजेल. दुसऱ्या दिवशीही बसलो. आठव्या-नवव्या दिवशी मला वाटलं, तिला कळलंय, पण वेळ नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. रविवारी तू म्हणालीस, सातला दिवा लागतो. त्या क्षणी मला कळलं की तू खोटं बोलत नाहीस, तुला कोणीतरी खोटं सांगतंय. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला राग आला होता आणि मला आणखी पुरावा हवा होता. मुलीविरुद्ध पुरावा गोळा करणारा बाप मी. पडल्यावर पाच तास तेवढाच विचार करत होतो.

आणखी एक. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी मी बसत नव्हतोच कधी. सातला दिवा लावायचो, कारण सातला हा समोरच्या बाकावर येऊन बसतो. मी आहे, एवढं त्याला कळावं. (हे मला आत्ता लिहिताना कळतंय. काका.) अंधार तुझ्यासाठी केला आणि तो दिसला याला. ज्याला मी निलंबित केलं त्याने चार जिने चढून दार वाजवलं. तू त्याची माफी माग. मी मागितली आहे.

बेचाळीस घरांसाठी मी सख्ख्या भावाला अकरा महिने घरी बसवलं. तुझी चारशे बारा आहेत आणि पुढे चार हजार. तुझ्यावर आता मी कोणाला पाठवू? तूच बघ.

बाबा


९ एप्रिल

बाबा आणि काका,

काका, मला माफ करा. याहून चांगलं वाक्य सुचत नाही, समोर आल्यावर तुम्ही काय बोलाल ते ऐकून घेईन.

सही केली नाही. सगळं लेखी दिलं, बॅटरीचं, मी काढलेल्या त्या रोजच्या निरोपाचं आणि आपल्या घरातल्या तेवीस दिवसांचं. चार हजार घरांचं काम थांबलं आहे. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते आता जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी बसत नाहीत.

मग मी चारशे बारा घरांपैकी जिथून तीन दिवसांत खरं काहीच आलेलं नाही अशा घरांची यादी काढली. अडतीस निघाली. अडतीसही घरांच्या पुढे 'बदल नाही' होतं. एकेका घरी फोन लावत बसले. एका आजोबांनी इस्त्रीसाठी प्लग काढला होता आणि परत लावायला विसरले होते. एका आजींनी डब्यावर लाल दिवा लुकलुकतो म्हणून डबाच काढून फडक्यात बांधून ठेवला होता आणि त्याबद्दल मला झापलं. एक गृहस्थ घराचा मेन स्विच बंद करून पंधरा दिवस भावाकडे होते, आमच्या स्क्रीनवर मात्र रोज स्वतःच्या पलंगावर झोपत होते. प्रत्येक फोन उचलला जाईपर्यंत मी रिंगा मोजत होते. सदतीस जणांनी उचलला.

अडतिसावं घर इथलंच, माझ्यापासून तीन रस्ते पलीकडे. एकट्या राहणाऱ्या एक आजी. फोन बंद. मी चालत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली, म्हणाली, त्यांना जाऊन सोळा दिवस झाले, मुलगा परदेशातून आला होता, सगळं आटोपून, वीज बंद करून, कुलूप लावून परत गेला. मी जिन्यातच बसले आणि फोनवर त्या घराचं पान उघडलं. आजी सकाळी सहा पाचला उठल्या होत्या. नळ सहा दहाला. बदल नाही.

खाली आणखी एक नोंद होती, कोणी कधी पान बघितलं त्याची. मुलगा रोज सकाळी बघत होता. सोळाही दिवस.

मी त्याला फोन केला. सांगितलं, हे आकडे खोटे आहेत, आमचं केंद्र ते स्वतःच लिहितं, चूक माझी आहे. तो म्हणाला, मला माहीत आहे हो, मीच तिला पोचवून आलो. मग म्हणाला, 'उठल्या' असं येतं ना सकाळी, तेवढं वाचतो आणि कामाला जातो. आणखी काही दिवस राहू द्याल का?

बाबा, मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं आणि बोलता बोलताच ते पान बंद केलं, त्याच्याकडेही ते दिसायचं बंद झालं असणार, कारण त्याचा श्वास मला ऐकू आला. मग मीच रडायला लागले आणि तो परका माणूस मला समजावत बसला.

मी शनिवारी पोचते. पण हे पत्र पोचायच्या आधी, आत्ता, मी तुम्हाला फोन करणार आहे. काय जेवलात विचारणार आहे. फोन डाव्या हाताशी ठेवा आणि उचला.

ठमी